समुद्राची दोरी उमापूरच्या बोअरात

बीड जिल्ह्यात समुद्र नाही. हे मला शाळेपासून ठाऊक आहे, तरी आम्ही निघालो तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येकाने ते मला पुन्हा एकदा सांगून घेतलं. समुद्राच्या तळाशी उतरवायचं यंत्र तपासायला मराठवाड्यात निघालेली बाई म्हणजे पोहायला शिकायला गच्चीवर चढणारी, असंही एकाने ऐकवलं. मी देवगडची. कुणाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून फक्त दोघांनाच दिलं.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मधोमध उंच मनोरा असलेलं एक जहाज भर समुद्रात जाऊन एका जागी उभं राहतं, खाली लांबच लांब नळ्या सोडतं आणि तळाच्या खडकात भोक पाडतं. तेलासाठी नव्हे. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते बघण्यासाठी. त्या भोकात मग यंत्रं ठेवून द्यायची. आत उष्णता किती, दाब किती, खडकाच्या फटींतून पाणी कुठून कुठे फिरतंय, हे ती टिपत राहतात. भोकाचं तोंड मात्र वरून घट्ट बंद करावं लागतं, नाहीतर थंडगार समुद्र आत शिरतो आणि सगळी मोजणी फुकट जाते. मुलाचा ताप बघताना जिभेखाली थर्मामीटर ठेवून आपण त्याला तोंड मिटून बसायला सांगतो ना, तसंच हे. इथे फक्त तोंड वर्षानुवर्षं मिटून बसायचं असतं.

माझी दोरी त्याच कामाची. आत पोलादी तार, वरून जाड वेष्टन, जागोजागी बोटाएवढे थर्मामीटर आणि तळाला दाब मोजणारी डबी. प्रत्येक थर्मामीटर आपली नोंद आपल्याच पोटात ठेवतो, आणि दोरी बाहेर काढली की ती वाचायची. मी आणि फर्नांडिसने मिळून ही दोरी घडवली. फर्नांडिस म्हणजे आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, गोव्याचा, माझ्याच वयाचा. वाईट बातमी सगळ्यांत आधी आपल्याला कळावी, एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा.

येत्या सफरीत जहाजावर एकाच दोरीला जागा होती, आणि परदेशातल्या एका गटाची दोरीही रांगेत उभी होती. निवड करणाऱ्या समितीने दोघांनाही एकच अट घातली होती. दोरी खऱ्या बसाल्ट खडकाच्या भोकात आठवडाभर निवांत टांगून ठेवायची, कुणी हात लावायचा नाही, आणि नोंद येईल ती जशीच्या तशी पाठवायची. मुदत महिनाअखेरची. ही सफर हुकली तर पुढची कधी निघेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तोवर मी निवृत्त होऊन घरी बसलेली असणार. इतकी वर्षं हाताने विणलेली ही दोरी पाण्यात उतरताना बघायची होती मला. दुसरं काही नको होतं.

बसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. समुद्राचा तळ त्याचा आणि मराठवाडाही त्याचाच. भोकांची तर तिथे ददात नाही. पण ज्या बोअरला पाणी असतं त्यात मोटार असते, आणि मार्च महिन्यात आठवडाभर मोटार बंद ठेवा म्हणणाऱ्या माणसाला लोक वेशीवरूनच परत पाठवतील. म्हणून आम्ही कोरडा बोअर शोधत होतो.

सिरसाळा

पहिला बोअर ठरला होता सिरसाळ्याचा. परळी तालुक्यातलं हे मोठं गाव. आडतीची दुकानं, हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॅक्टरांवर एकमेकांवर कडी करणारी गाणी. बोअरचे मालक आडतीचेच व्यापारी. फोनवर त्यांनी तोंड भरून होकार दिला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ते दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"मॅडम, तुमचा पायगुण लई चांगला हाय बघा!" ते म्हणाले. "तुमी येणार म्हणून मशीन लावून बोअर धुऊन घेतला. पाव्हण्यांना घाण बोअर कसा दावायचा? तर पाणी लागलं की! काल मोटार बी सोडली."

फर्नांडिसने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, कारण त्या माणसाचा आनंद बघून दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. पण आमचा कोरडा बोअर हातचा गेला होता.

त्यांनी आम्हाला बळेच जेवायला बसवलं. येसर आमटी मी तिथे पहिल्यांदा खाल्ली. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ घालून केलेली, दाट, काळपट आणि जिभेला चटका देणारी. आमच्याकडे आमटी म्हटलं की नारळ आलाच. इथे नारळ देवाला फोडायचा आणि आमटीत तिखट घालायचं. फर्नांडिसने तीन वेळा नाक पुसलं आणि चौथ्यांदा आमटी घेतली. जेवण उरकेपर्यंत मालकांनी फोनवरून आमची सोयही करून टाकली होती. गेवराई तालुक्यात, उमापूरला त्यांचे सोयरे होते. त्यांच्याकडे कोरडा बोअर होता.

"एकदम कोरडा?" फर्नांडिसने खात्री करून घेतली.

"अहो, गावात परशिद्ध हाय," मालक म्हणाले.

उमापूर

गेवराईला हमरस्त्याची वर्दळ आणि वाळूच्या टिपरांची रांग मागे पडली की उमापूरच्या वाटेला जरा शांत वाटतं. कापूस वेचून झालेली रानं, मधेच मोसंबीची हिरवी चौकट, मधेच उसाचा पट्टा. ज्यांच्याकडे उतरलो ते दिगंबरअण्णा, माजी सरपंच. अंगाने भरदार, कपडे पांढरेशुभ्र, आवाज सभेचा. दारात पाण्याचा टँकर उभा होता, तो त्यांचाच. उन्हाळ्यात तो वाड्या-वस्त्यांवर फिरतो. बोअर मात्र त्यांचा नव्हता. तो त्यांच्या थोरल्या भावाने, रंगनाथ यांनी घेतलेला. रंगनाथ तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. आता ते शेत त्यांच्या पत्नी गयाताई बघतात. शेजारचंच घर.

आमच्या कोकणात पाहुणा आला की पहिला प्रश्न 'वाटेत त्रास नाही ना झाला?' इथे गूळपाणी हातात दिल्यावर अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडं पाणी कसं हाय?" मी म्हटलं, चिक्कार आहे, पावसाळ्यात हातानेही विहिरीतून तांब्या भरता येतो. ओसरीवर बसलेल्या दोन-तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण श्रीमंतीचा तोरा मिरवल्यासारखं वाटून मला उगाच संकोच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो. बोअरवर मोठा दगड ठेवलेला होता. तो सरकवून अण्णांनी घरून आणलेला आरसा उन्हात धरला आणि उजेडाचा कवडसा बरोबर भोकात सोडला. विहिरीत-बोअरात डोकवायची इथली ही रीत आहे. आम्ही त्यासाठी परदेशी कॅमेरा आणला होता, तो गाडीतच राहिला. फर्नांडिस पोटावर आडवा होऊन बराच वेळ आत बघत राहिला आणि मग खुशीत ओरडला, "अप्रतिम! थेंब नाही! सुलभा, असा कोरडा बोअर मी जन्मात पाहिला नाही!"

मीही वाकून पाहिलं. खरंच, तळाशी चमकणारं एक नखाएवढं पाणी सोडलं तर वरपासून खालपर्यंत कोरा कातळ. "काय सुंदर कोरडा आहे हो," मी म्हटलं, आणि वर हेही म्हटलं की यापेक्षा कोरडा बोअर मागूनही मिळाला नसता.

गयाताई बांधावर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, डोक्यावर पदर. आमचं बोलणं ऐकून त्या घराकडे वळल्या. मोटार ओढायची लोखंडी तिपाई अण्णांनीच आणून दिली होती. ती लावून, कप्पीवरून दोरी सोडायला आम्हाला दुपार झाली.

गर्दी तर जमणारच. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "ही दोरी कशाला सोडता?" मी समुद्र, जहाज, भोक, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दर्यात भोक पाडलं तर दर्याचं पाणी त्यात शिरंल की." मी म्हटलं, शिरतंच, म्हणून तर तोंड बंद करतो. ते समाधानाने मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "बघा, मी म्हणलं न्हवतं?" नेमकं काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

समुद्रात वापरायचं रबरी बूच आम्ही आणलं नव्हतं. त्याची चाचणी घरीच झाली होती. इथे नुसती फळी ठेवली, तिच्या खाचेतून दोरी वर घेतली आणि फळीवर पुन्हा तोच दगड ठेवला. मी अण्णांना हात जोडून सांगितलं, "आता आठवडाभर इथे कुणी काही करायचं नाही. हातसुद्धा लावायचा नाही."

"माझी जिम्मेदारी," अण्णा म्हणाले.

वाट बघण्याचे दिवस

यंत्र कामाला लागलं की यंत्रवाल्याला काम उरत नाही. आम्ही खात होतो आणि हिंडत होतो. सकाळी सुशीला यायची. हा पदार्थ मला आधी कुणा मुलीचं नाव वाटला होता. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणीचा, डाळं आणि कोथिंबीर घातलेला, पोह्यांचा गावाकडचा चुलतभाऊ. दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा. फर्नांडिसने माशांची आठवण काढणं हळूहळू बंद केलं.

एका संध्याकाळी अण्णांनी आम्हाला गोदावरीवर नेलं. पात्रात वाळू कमी आणि खड्डे जास्त. अण्णांनी त्यावर कुणाकुणाला शिव्या दिल्या ते मी लिहीत नाही, कारण त्यातले काही आता त्यांच्याच पक्षात आहेत. पण मधोमध एक निळसर धार वाहत होती, आणि तिच्या काठाने बगळे चालत होते. अण्णा म्हणाले, "नदी हितं, आन आमी तितं. मधी नुसता कातळ."

गाडीत त्यांनी आपल्या भावाबद्दल सांगितलं. "दादाला जिमिनीचं लई कळायचं. बोअर कुठं घ्यावा ह्यावर सगळ्यांनी सल्ला दिलता, पार टोकाला लिंबाखाली घे म्हणून. त्यानं कुणाचं ऐकलं न्हाई. म्हणला, मला जागा गावली हाय. आन मशीन लावलं तर नुसता फुफाटा! पांढरी धूळ उडाली, सारा मळा माखला. गावानं नावच ठेवलं, रंगनाथचा फुफाटा. जित्ता होता तवर हसत हसत ऐकून घ्यायचा. पर त्याच्या मनाला लागलं व्हतं."

मी ऐकलं आणि वाईट वाटलं. आम्ही त्याच बोअरच्या काठावर काय काय बोललो होतो, ते मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तीन टँकर

आठवड्याच्या मधल्या एका सकाळी अण्णा चहाला बसले तेच मुळी नवऱ्या मुलाच्या बापासारखे. स्वतः खारी वाढत होते. "चला, बोअर बघून येऊ," म्हणाले. मी म्हटलं, अजून बघायचं काही नाही. "चला तर," ते म्हणाले.

शेतात शिरताच फर्नांडिस थबकला. बोअरभोवती चिखल होता. मऊ, ओला, पहाटेचा चिखल आणि त्यात टायरांचे रुंद ठसे. दगड बाजूला, फळी बाजूला, दोरी मात्र आपल्या जागी टांगलेली.

"अण्णा, हे काय?" मी विचारलं.

"पाणी सोडलं," अण्णा म्हणाले. "तुमच्या दोरीला धक्का न्हाई लागू दिला. पाइप अल्लाद आत घातला."

मला पुढचे शब्द नीट आठवत नाहीत. आवाज चढला होता एवढं आठवतं. तुम्ही आमच्या सगळ्या मेहनतीची माती केलीत, मी म्हणाले. निवांत ठेवायचं म्हणून हात जोडले होते, तुम्ही जबाबदारी घेतली होती, आता पुन्हा आठवडा मोजायला मुदतच उरलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं की भीतीचं ते मलाच कळत नव्हतं. दोरी गेली, जहाज गेलं, असंच मला त्या क्षणी वाटलं.

अण्णांचा सभेचा आवाज कुठल्या कुठे गेला. "ताई," ते म्हणाले, "तुमी पयल्या दिशी म्हणले ना, लई सुंदर कोरडा हाय. थेंब न्हाई. ते वहिनी ऐकत व्हती. गावानं दादाला हसून घेतलं, ते घरातलं हाय. पर आता तुमी परदेशात लिवून धाडणार, उमापूरच्या रंगनाथचा बोअर कोरडा. दर्यावाल्यांच्या बी कागदावर त्याचं तेच! माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, भरून टाकावा. मग लिवा काय लिवायचं ते."

राग उतरला नव्हता, पण तो आता अण्णांवर धरून ठेवता येईना. एखाद्या माणसाच्या दुखऱ्या जागेवर आम्ही दोघं शहाणी उभी राहून वाहवा करत होतो, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

फर्नांडिसने मात्र भलतंच विचारलं. "भरला का?"

"कुठला भरतोय! एक टँकर गेला, दुसरा गेला, तिसरा बी गेला. लई खादाड हाय. शेवटी टँकरवरचं पोरगं म्हणलं, अण्णा, वस्तीवरच्या लोकांना काय सांगायचं? मग थांबवलं."

त्या दिवशी दुपारी आम्ही जेवलो नाही. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि परत जायची तयारी मनातल्या मनात करत राहिले. संध्याकाळी फर्नांडिस येऊन शेजारी बसला.

"सुलभा, एवढ्या अरुंद बोअरच्या पोटात अर्धासुद्धा टँकर मावत नाही. तीन टँकर गेले कुठे?"

चांगली बातमी त्याच्या तोंडून यायची सवय नसल्यामुळे मला ती ओळखायला वेळ लागला. दोरी आत होती. पाणी पडत असताना ती आतच होती, आणि सगळं टिपत होती. आता काढायची घाई करण्यात अर्थ नव्हता. जे काही झालं त्यानंतर बोअर कसा शांत होतो, तेही तिला बघू द्यायचं आम्ही ठरवलं. फळी आणि दगड परत ठेवला. या वेळी अण्णांनी तिथे एक माणूसच बसवला आणि स्वतः दिवसातून कितीतरी वेळा त्या माणसावर लक्ष ठेवायला जाऊ लागले.

दोरी वर येते

आठवडा संपला तेव्हा दोरी बाहेर काढली. अण्णांच्या ओसरीवर चटई टाकली, लॅपटॉप ठेवला आणि एकेक थर्मामीटर वाचायला घेतला. अण्णा मांडी घालून समोर बसले. गयाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. हातात धपाट्यांची ताटली होती, ती खाली ठेवायची त्यांना आठवण राहिली नव्हती.

पहिले दिवस निवांत होते, रेषा सरळ. मग टँकरची पहाट आली. तळाच्या डबीवरचा दाब वाढायला लागला, म्हणजे पाणी चढायला लागलं. चढलं, चढलं आणि निम्म्याहून थोडं वर आलं तिथे थांबलं. सुरीने कापल्यासारखी रेषा आडवी झाली. वरून दुसरा टँकर पडतोय, तिसरा पडतोय, पण पाणी एक इंचही वर सरकायला तयार नाही.

"इथे फट आहे," फर्नांडिस म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

थर्मामीटरही तेच म्हणत होते. पहाटेच्या गार पाण्याने सगळे हलले होते, आणि पुढच्या दिवसांत सगळे हळूहळू आपापल्या जागी परतले. एकच परतला नाही. त्या आडव्या रेषेच्या उंचीवरचा थर्मामीटर शेवटपर्यंत गारच राहिला होता, कारण त्याच्यासमोरच्या खडकाने तीन टँकर पाणी पिऊन घेतलं होतं. विहिरी खणताना इथल्या लोकांना दोन कातळांच्या मधे तांबड्या मातीचा एक पट्टा लागतो. फट नेमकी त्या पट्ट्यात असावी. जहाजावरचे लोक समुद्राच्या तळाशी ज्या फटी शोधतात, त्या अशाच. आणि माझ्या दोरीने ती बोट ठेवून दाखवली होती. मला इतका आनंद झाला की मी फर्नांडिसच्या पाठीत जोरात थाप मारली.

"पास का नापास?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ऐका," मी म्हटलं. "बोअर कोरडा आहे, ते खरं. पण त्याला फट आहे, चांगली मोकळी. पाणी असतं तर याच फटीतून आलं असतं. फट आज रिकामी आहे, एवढंच. जागा चुकली नव्हती. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गाळून यात सोडलंत तर हा ते पिऊन घेईल. ते कुणाच्या विहिरीत निघेल, ते मात्र माझी दोरी सांगू शकत नाही."

"निघू द्या की कुणाच्या बी!" अण्णा म्हणाले. "पाणी रंगनाथच्या बोअरातलं म्हणतील ना?" त्यांनी डोळे पुसले आणि लगेच मोबाइल काढून लॅपटॉपवरच्या रेषेचा फोटो घेतला. दहा मिनिटांत तो गावाच्या ग्रुपवर गेला होता. खाली लिहिलं होतं, दादाच्या फुफाट्याला फट हाय. उत्तरादाखल लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ती त्यांनी मला एकेक करून दाखवली.

गयाताईंनी मला पुन्हा विचारलं, "मंजी जागा बरोबर व्हती?"

"अगदी बरोबर होती," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. खांदे हलत होते. फर्नांडिस उठू लागला, तर मी त्याला खूण करून बसवलं. त्यांना जरा एकटीला बसू द्यावं असं मला वाटलं.

परत

निघायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं. फर्नांडिसचं म्हणणं, टँकरच्या आधीचे निवांत दिवस तेवढे कापून पाठवावेत. थोडे का होईना, पण स्वच्छ. मी म्हटलं, जशीच्या तशी म्हणजे जशीच्या तशी. शेवटी सगळी नोंद पाठवली, सोबत पानभर खुलासा. त्यात मी सरळ लिहिलं की चाचणीच्या काळात गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी कुटुंबाच्या अब्रूसाठी बोअरात तीन टँकर पाणी ओतलं. इंग्रजीत ते वाक्य फारच वेडगळ दिसत होतं. तरी पाठवायचं बटण दाबलं.

उत्तर यायला बरेच दिवस गेले. घरी आल्यावर मासे खाल्ले, झोपले, उठले, सगळं केलं आणि कशातच लक्ष नव्हतं. मग एका दुपारी फर्नांडिस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि नुसता हसला. मी त्याला कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून आधी घाबरलेच.

जहाजावरची जागा आमच्या दोरीला मिळाली होती. समितीने लिहिलं होतं की शांत भोकात कुठलीही दोरी शांत राहते. ही दोरी घोटाळ्यातही खरं सांगते, म्हणून ती हवी. दोरी उतरवायला मी स्वतः यावं, असंही लिहिलं होतं. ते वाक्य मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग खुशाल रडले.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. त्यांना ही चाचणी सविस्तर छापायची होती. इतकी नेमकी फट गाठणारी जागा कुठल्या पद्धतीने निवडली, ते त्यांना हवं होतं.

हे मला कुठे ठाऊक होतं! मी गयाताईंना फोन लावला. आधी त्यांना जहाजाची बातमी सांगितली. त्यांनी ती घरात कुणाला तरी ओरडून सांगितली. मग मी विचारलं, "गयाताई, बोअर नेमका तिथेच घ्यायचा, हे तुमच्या मालकांनी कशावरून ठरवलं होतं? तिकडचे लोक विचारतायत."

पलीकडून बारीक, दाबलेलं हसू आलं.

"ताई, दार लावून घेते, थांबा." दार लागल्याचा आवाज आला. "बोअरची गाडी फसली व्हती तितं. आदल्या दिशी अवकाळी झालता, काळी माती, चाकं पार आत गेली. लिंबाखालीच न्यायची व्हती, पर फुडं सरकंना. मशीनवाले तमिळ, त्यांना आपली बोली येईना. ते हातानं दावायले, हितंच घ्या न्हाईतर चाललो. मालक म्हणले, घ्या हितंच. काम होईस्तवर चिखल वाळला, मग चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या घालून काढली गाडी. गावातली लोकं मागनं आली. इचारलं तर मालक म्हणले, मला जागा गावली हाय."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी पऱ्हाट्या आणून दिल्या." त्या आता मोकळ्याने हसत होत्या. हसता हसता श्वास घ्यायला थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजींना सांगू नका बरं का. त्यांना कायबी ठाऊक न्हाई."

"नाही सांगत. पण त्या लोकांना काय लिहू?"

"लिवा की," गयाताई म्हणाल्या. "मालकांनी जागा निवडली, आन ती बरोबर निघाली. ह्यात खोटं काय हाय?"

मी तसंच लिहिलं.